बदलीचा हुकूम आल्यावर

सरकारी नोकराच्या आयुष्यात बदलीचा हुकूम ही काही नवलाची गोष्ट नव्हे. तो येणार हे ठाऊक असते. केव्हा येणार, एवढेच ठाऊक नसते. श्रोत्यांपैकी पुष्कळांच्या घरी असा हुकूम एकदा नव्हे, चारदा येऊन गेला असेल. हुकूम हाती पडला की घराचे रूप पालटते. पलंगाखालच्या ट्रंका बाहेर निघतात. मुलांच्या शाळेचे दाखले, गॅसची जोडणी, घरमालकाकडची अनामत, सामान नेणाऱ्यांचे भाव, अशी एक लांबलचक यादी तयार होते. आणि मग एखाद्या रात्री, जेवणे उरकल्यावर, घरातले कोणीतरी सहज बोलून जाते, "इतकी वर्षे येथे काढली, पण अमुक काही पाहावयाचे राहूनच गेले."

येथून दुसरी यादी सुरू होते, आणि ती पहिलीपेक्षा लांब निघते.

असा एक गृहस्थ डोळ्यांपुढे आणावा. मूळचा विदर्भातला, केंद्र सरकारच्या हिशेब खात्यात नोकरीला, आणि गेली अकरा वर्षे कलकत्त्यात. २००१ पासून या शहराचे नाव कागदोपत्री कोलकाता झाले असले तरी त्याच्या घरात ते कलकत्ताच राहिले आहे. घरी पत्नी आणि नऊ वर्षांची मुलगी. चैत्रात हुकूम आला, तो नागपूरचा. ज्येष्ठात निघावयाचे. गृहस्थाला आनंद झाला, आणि होणे रास्तच होते. म्हातारे आईवडील जवळ येणार, आणि पगारातली मोठी रक्कम दरवर्षी आगगाडीच्या तिकिटांवर घालवावी लागते तीही वाचणार. तो मुलीला म्हणाला, "आता आपण आपल्या गावी जायचं." मुलगी म्हणाली, "पण बाबा, माझं गाव तर हेच आहे."

त्यावर त्याला उत्तर सुचले नाही. बदलीच्या हुकमावर नाव एकाचेच असते, पण घरातील प्रत्येकाची बदली वेगळी असते. कोणी घरी परतत असतो, कोणी घर सोडत असतो. एकाच गाडीत, शेजारशेजारच्या बाकांवर.

शहरात अकरा वर्षे राहणाऱ्यापेक्षा चार दिवसांसाठी येणारा पाहुणा अधिक पाहतो, हा अनुभव सार्वत्रिक आहे. या गृहस्थाने व्हिक्टोरिया मेमोरियल आणि दक्षिणेश्वर सहासात वेळा पाहिले होते. कारण देशाकडून पाहुणे आले की त्यांना तेथे न्यावेच लागे. पाहुणे जेथे जात नाहीत तेथे तोही गेलेला नव्हता. याला आळस म्हणणे अन्यायाचे होईल. परप्रांतात नोकरीनिमित्त राहणारा माणूस शहरात राहतो तो स्टेशनावरच्या वेटिंग रूममध्ये बसल्यासारखा. सामान पायाशी, कान गाडीच्या घोषणेकडे. वेटिंग रूमच्या भिंतीवरील चित्रे कोण निरखीत बसतो? घोषणा अकरा वर्षांनी झाली, एवढेच.

पहिल्या रविवारी त्याने, हिशेब खात्यातल्या माणसाला शोभेल अशा पद्धतीने, तीन स्थळे एका दिवसात बसविली. वैशाखाचे ऊन, दमट हवा, घामाने भिजलेले कपडे. मोबाईलमध्ये शंभरावर छायाचित्रे आली आणि घरी येईपर्यंत मुलीला ताप भरला. रात्री पत्नीने यादी हाती घेतली. ती भाजीबाजारात बंगालीत घासाघीस करणारी; शहराची तिची ओळख नवऱ्याहून पुष्कळच पुढची. ती म्हणाली, "अहो, पाच रविवार उरलेत. एका रविवारी एकच जागा. आणि जिच्यावरून रोज जाता, ती आधी."

रोज जिच्यावरून जाणे होई अशी पहिली जागा म्हणजे चौरंगीवरील इंडियन म्युझियम. बंगाली माणूस त्याला जादूघर म्हणतो. १८१४ मध्ये एशियाटिक सोसायटीने स्थापन केलेले हे संग्रहालय देशातले सर्वांत जुने. तेथे जाणारे बहुतेक लोक इजिप्तची ममी पाहतात आणि परततात. पण तळमजल्यावर एक दालन आहे. १८७३ मध्ये अलेक्झांडर कनिंगहॅम यांना मध्य भारतात भारहुत येथे जो स्तूप सापडला, त्याचे लाल दगडाचे खांब आणि कठडे तेथे उभे केले आहेत. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातले हे काम. खांबांवर जातककथा कोरल्या आहेत आणि दान देणाऱ्यांची नावे ब्राह्मी लिपीत खोदली आहेत. भारहुतच्या या दानलेखांत नाशिकच्या एका बाईचे नाव आहे. गोरक्षिता, वसुकाची पत्नी; तिने एक स्तंभ दिला. करहकट, म्हणजे आपले कऱ्हाड, तेथल्या निगमाचेही दान नोंदलेले आहे. दोन हजार वर्षांपूर्वी नाशिकची एक गृहिणी इतक्या दूरच्या स्तूपाला खांब देते, आणि ते सारे दगड शेवटी गंगेच्या मुखाशी असलेल्या शहरात येऊन राहतात! गृहस्थ त्या दालनात तास दीड तास रेंगाळला. अकरा वर्षे त्याची बस त्याच इमारतीसमोर थांबत होती.

दुसरा रविवार शिवपूरच्या वनस्पती उद्यानाचा. हे उद्यान १७८७ मध्ये कर्नल रॉबर्ट किड यांनी सुरू केले. २००९ पासून त्याला आचार्य जगदीशचंद्र बोस यांचे नाव आहे. तेथला महावटवृक्ष चार एकरांहून अधिक जागा व्यापून आहे. लांबून पाहिले तर झाड दिसत नाही, अरण्य दिसते. तीन हजारांवर पारंब्या जमिनीत उतरून खांब झाल्या आहेत. मुलीने त्यांतले मूळ खोड कोणते, ते शोधण्याचा हट्ट धरला. ते नाही, असे फलकावर वाचून समजले. वादळांनी दुखावलेल्या खोडाला बुरशी लागली, म्हणून १९२५ मध्ये ते काढून टाकावे लागले. झाड त्यानंतरही वाढतेच आहे. मुलीला ही गोष्ट फार आवडली. वडिलांना थोडी अस्वस्थ करून गेली.

श्रीरामपूरची फेरी खरे म्हणजे शहराबाहेरची. परंतु हावड्याहून लोकलने अर्ध्यापाऊण तासावर असलेल्या या नदीकाठच्या गावी मराठी माणसाने एकदा तरी जावयास हवे. तेव्हा डेन्मार्कच्या अमलाखाली असलेल्या या गावात विल्यम केरी यांच्या छापखान्यातून १८०५ मध्ये मराठी भाषेचे व्याकरण निघाले, आणि १८१० मध्ये मोडी अक्षरांत मराठीचा शब्दकोश. कामात वैजनाथ शास्त्री या मराठी पंडितांचे साहाय्य होते. पेशवाई अजून चालू होती. पुण्यामुंबईस मराठी ग्रंथ छापण्याची वाट रुळावयाची होती. ज्या भाषेत आपण घरी बोलतो तिचे व्याकरण येथे, हुगळीच्या काठी, छापले गेले, हे कळल्यावर शहर परके वाटण्याचे एक कारण कमी होते.

ट्रामची गोष्ट मात्र खेदाची. ट्रामने एकदा शेवटच्या थांब्यापर्यंत जाऊन यावे, काही काम नसताना नुसते बसून राहावे, असे गृहस्थाच्या मनात पहिल्या वर्षापासून होते. हे शहर १८७३ मध्ये घोड्यांच्या ट्राममध्ये बसले, १९०२ मध्ये विजेच्या. पुढे एकेक मार्ग बंद पडत गेला. त्याच्या घरावरून जाणारा मार्ग तो येथे आल्यानंतरच बंद झाला. २०२४ मध्ये राज्य सरकारने एस्प्लनेड ते मैदान एवढा फेरा राखून बाकीची ट्राम बंद करण्याचा निर्णय जाहीर केला. आपण शहर सोडणार, एवढेच माणसाच्या लक्षात असते. शहरही त्याच्या नकळत त्याला सोडून जात असते, आणि त्याचा हुकूम कोणी पाठवीत नाही.

आता राहिली ती गोष्ट, जी कोणत्याच यादीत नव्हती. शेजारच्या घरी एक वृद्ध बाई राहत. सगळी आळी त्यांना माशीमा म्हणे. मुलगी त्यांना दिदा, म्हणजे आजी म्हणे. त्यांच्या मांडीवर तान्हा नातू असे आणि रोज रात्री त्या त्याला एक अंगाईगीत म्हणून निजवीत. भिंतीपलीकडून ती चाल गृहस्थाला पाठ झाली होती, शब्दांकडे त्याने कधी कान दिला नव्हता. मुलीला ते गीत सबंध येत होते. तिने एका रात्री त्याचा अर्थ सांगितला. बाळ झोपले, आळी शांत झाली, आणि देशात बर्गी आले. पाखरांनी धान्य खाल्ले, आता सारा कोठून द्यावा? "बाबा, बर्गी म्हणजे कोण?" तिने विचारले.

दुसऱ्या दिवशी त्याने माशीमांना तोच प्रश्न केला. त्या हसून म्हणाल्या, "ती तर तुमचीच माणसं, बाबा!"

बर्गी म्हणजे बारगीर. ज्याचा घोडा आणि हत्यार सरकारचे, असा स्वार. १७४२ ते १७५१ या काळात नागपूरकर रघूजी भोसले यांच्या फौजा वारंवार बंगालवर चालून आल्या. पहिल्या स्वारीचे सेनापती भास्करराम कोल्हटकर. त्यांनी १७४२ च्या आश्विनात काटव्याजवळ दाँईहाट येथे थाटाने दुर्गापूजा मांडली होती. ती पुरी होण्यापूर्वीच अलिवर्दीखानाने छावणीवर छापा घातला. पुढे १७४४ मध्ये भेटीसाठी बोलावून त्यांना मारण्यात आले. महाराष्ट्रातील शाळांत हा इतिहास चौथाईचा आणि पराक्रमाचा म्हणून थोडक्यात येतो. जळालेली गावे, लुटलेली कोठारे आणि परागंदा झालेली कुटुंबे बंगालच्या आठवणीत राहिली, आणि त्यांचा मागमूस अंगाईगीतात उरला. कोणत्याही प्रांताचा इतिहास शेजारच्या प्रांतात जाऊन एकदा ऐकावा, हे बरे. मात्र ऐकणाऱ्याला ते सोपे जात नाही.

चौथा रविवार म्हणून या शोधात गेला. मराठ्यांच्या भयाने १७४२ मध्ये कलकत्त्याच्या रहिवाशांनी स्वतःच्या खर्चाने शहराभोवती खंदक खणावयास घेतला. बेत सात मैलांचा. सहा महिन्यांत तीन मैल खणून झाले. मराठे कलकत्त्यापर्यंत आलेच नाहीत, आणि काम तसेच सोडून दिले गेले. १७५६ मध्ये सिराजउद्दौल्याची फौज आली तेव्हा त्या खंदकाने तिला अडविले नाही. पुढे १७९९ च्या सुमारास खंदकाच्या मातीवर रस्ता झाला, तोच सर्क्युलर रोड. आज त्याच्या एका भागास आचार्य प्रफुल्लचंद्र यांचे आणि दुसऱ्यास आचार्य जगदीशचंद्र बोस यांचे नाव आहे. बागबाजारात मराठा डिच लेन नावाची एक गल्ली अजूनही आहे. बापलेक भल्या पहाटे त्या गल्लीत गेले. पाहण्यासारखे तेथे काही नाही. नळावर कोणी अंघोळ करीत होते, चहावाल्याची शेगडी नुकतीच पेटली होती. चहावाल्याने कोठून आलात म्हणून विचारले. गृहस्थाने किंचित थांबून सांगितले, "नागपूरचे." मुलगी मध्येच बंगालीत म्हणाली, "बाबा नागपूरचे. मी इथली." चहावाल्याने तिला एक बिस्किट जास्त दिले.

पाचव्या रविवारची जागा मुलीने ठरविली. तिची यादी कोणत्याही मार्गदर्शक पुस्तकात सापडणार नाही. शाळेच्या फाटकाबाहेरचा पुचकावाला. आळीच्या क्लबची पायरी, जिच्यावर पूजेच्या दिवसांत सगळी मुले रात्री उशिरापर्यंत बसतात. एका जुन्या घराच्या गच्चीवरून दिसणारा नदीचा चिमूटभर तुकडा. शिंप्याच्या दुकानातली तीन पायांची मांजर. प्रत्येक ठिकाणी लोकांनी तिला नावाने हाक मारली. वडिलांना कोणी ओळखत नव्हते. ते तिच्यामागून पिशवी घेऊन चालत होते, जसे पूर्वी पाहुणे त्यांच्यामागून चालत.

अखेरचा आठवडा देण्याघेण्यात गेला. किराणावाल्याची उधारी चुकती झाली, वृत्तपत्रवाल्याचे पैसे दिले. कुंड्या माशीमांकडे गेल्या. ज्यांचे नाव कधी विचारले नव्हते अशा दोघातिघांचे नाव विचारून घेतले. इतक्या वर्षांनी विचारताना संकोच वाटला, पण समोरच्यांना त्यात काही वावगे वाटले नाही.

निघण्याच्या संध्याकाळी टॅक्सी दाराशी उभी राहिली. मराठी माणूस निघताना 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो. बंगालीतही तीच रीत आहे, आणि हे गृहस्थाच्या ध्यानात त्याच क्षणी आले. कारण मुलीने माशीमांना वाकून नमस्कार केला आणि ती म्हणाली, "दिदा, आशि." माशीमांनी तिच्या मस्तकावर हात ठेवला. कडेवरचा नातू अर्धवट झोपेत होता. त्यांनी विचारले, "पूजेला?"

मुलीने वडिलांकडे पाहिले. टॅक्सीवाला घाई करीत होता. वडिलांनी मानेनेच होय म्हटले.

हावड्याच्या पुलावर नेहमीप्रमाणे गर्दी तुंबली होती. १९४३ पासून उभा असलेला हा पूल नटबोल्टांवाचून, नुसत्या रिव्हेटांवर जोडलेला आहे, असे सांगण्यास वडिलांनी तोंड उघडले; पण मुलगी खिडकीतून खाली मल्लिक घाटावरील झेंडूच्या राशींकडे पाहत होती, तेव्हा ते गप्प राहिले. टॅक्सी जागची हलेना. त्यांनी मोबाईल काढला आणि आश्विनातले रजेचे दिवस मोजावयास घेतले.