ड्रम 131 दिवसांचा, अ‍ॅपमध्ये 17

आज माझ्याच एका बगची गोष्ट.

एका केमिकल कारखान्यासाठी आम्ही घातक कचऱ्याची नोंद ठेवणारं अ‍ॅप बनवलं होतं. 2016 च्या नियमांनुसार असा कचरा कारखान्यात साधारणपणे 90 दिवसच ठेवता येतो. आमच्या डॅशबोर्डवर सगळं हिरवंगार होतं.

एकदा अंतर्गत तपासणीला मीही गेलो. सेफ्टी ऑफिसर मॅडमनी स्क्रीनकडे बघितलंच नाही. आधी फरशी बघितली: भेगा आहेत का? गळती अडवायला कठडा आहे का? पावसाचं पाणी आत येतं का? अ‍ॅसिड आणि अल्कलीचे ड्रम शेजारी-शेजारी तर नाहीत ना? मग एका ड्रमच्या पिवळ्या लेबलवर बोट ठेवून म्हणाल्या, "तारीख वाच."

मोजले, 131 दिवस. अ‍ॅपमध्ये 17!

ड्रम एका रांगेतून दुसऱ्या रांगेत हलवला, की माझा कोड साठवणीची तारीख नव्यानं टाकत होता. मुदत जागेची नसते, कचऱ्याची असते, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. त्या ड्रमचा तळ गंजला होता. आणि पलीकडेच कंत्राटी कामगार डबा खायला बसायचे.

मॅडमनी सगळं रिपोर्टमध्ये लिहिलं. आता अ‍ॅपमध्ये पहिली तारीख कुणालाच बदलता येत नाही.

तुमच्यापैकी कुणी कारखान्यात असाल, तर लेबल वाचा. ते स्थानिक भाषेतही असायला हवं, असा नियमच आहे. आणि माझ्यासारखे कोड लिहीत असाल, तर आधी एकदा गोदामात जाऊन या.

चला, भेटू पुढच्या भागात!