कोठडीतील मृत्यू आणि कायद्यातील ‘उद्देश’



पोलिसांची ‘थर्ड डिग्री’ म्हणजे काय, हे आपल्या वस्तीतील लहान मुलासही समजावून सांगावे लागत नाही. परंतु कायद्यातही एक तिसरी डिग्री आहे, आणि ती मात्र फार थोड्यांना ठाऊक आहे. पहिलीने माणूस मेला म्हणजे मारणाराचा वकील या दुसरीचा आश्रय घेतो. तो कसा घेतो आणि त्यास उत्तर काय, एवढेच मला आज तुम्हांस सांगावयाचे आहे.

अमेरिकेतील अनेक राज्यांच्या कायद्यांत खुनाच्या पहिली, दुसरी अशा डिग्र्या असतात. आपल्या दंडसंहितेत तो शब्द नाही. तथापि आंध्र प्रदेश राज्य विरुद्ध पुन्नय्या या खटल्यात 1976 साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, आपल्या कायद्यातही सदोष मनुष्यवधाच्या वस्तुतः तीन पायऱ्या आहेत. सर्वांत गंभीर तो खून. त्याखाली, उद्देशपूर्वक केलेला परंतु खुनाच्या व्याख्येत न बसणारा वध. सर्वांत खाली, मारण्याचा उद्देश नसून केवळ मृत्यू येण्याचा संभव आहे एवढी जाणीव असलेला वध. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. आकडे बदलले, पायऱ्या त्याच राहिल्या. खुनाला कलम 103 खाली मृत्युदंड किंवा जन्मठेप आहे. खालच्या दोन्ही पायऱ्या कलम 105 मध्ये येतात आणि तिसरीला जास्तीत जास्त दहा वर्षे शिक्षा आहे. त्याहूनही खाली कलम 106 मधील निष्काळजीपणा आहे.

आता बचाव ऐका. “साहेबांना त्यास ठार मारावयाचे नव्हते, कबुलीजबाब हवा होता. डोक्यावर, छातीवर घाव नाही. मार तळपायांवर व मांड्यांवर आहे.” हा युक्तिवाद ऐकताना भोळ्या माणसास खरा वाटतो. म्हणूनच पुन्नय्या खटल्याची हकीकत ध्यानात ठेवा. तेथे पोलीस नव्हते, गावातील वैर होते. पंचावन्न वर्षांच्या एका माणसाला जाड काठ्यांनी हातापायांवर मारले. एकोणीस जखमा झाल्या. दुसऱ्या दिवशी तो मरण पावला. मर्मस्थानी घाव नाही, म्हणून उच्च न्यायालयाने त्यास तिसऱ्या पायरीवर आणले होते. सर्वोच्च न्यायालयाने ते अमान्य करून खुनाची शिक्षा कायम केली. आधार होता 1958 च्या विरसा सिंग निकालाचा. ठार मारण्याचाच उद्देश होता काय, हा एकच प्रश्न नाही. ज्या जखमा झाल्या त्या जाणूनबुजून केल्या काय, आणि सर्वसाधारणपणे मृत्यू येण्यास त्या पुरेशा होत्या काय, हे विचारावयाचे. उत्तर होय असेल, तर ‘मला मारावयाचे नव्हते’ या म्हणण्यास किंमत राहत नाही.

सरकारी नोकराकरिता कायद्यात आणखी एक अपवाद आहे. कर्तव्य बजावताना, द्वेष न बाळगता, सद्भावनेने व कायदेशीर समजून अधिकाराची मर्यादा ओलांडली, तर तो वध खून ठरत नाही. हा अपवाद वाचून घाबरून जाऊ नका. कबुलीजबाबासाठी दुखापत करणे हाच मुळी कलम 120 खाली गुन्हा आहे. जे कृत्य स्वतःच गुन्हा आहे, ते सद्भावनेने कायदेशीर समजलो, असे ठाणेदाराने म्हणावे, हे माझ्या मते हास्यास्पद आहे.

मग अडते कोठे? पुराव्यात अडते. कोठडीत साक्षीदार कोण? मारणारे आणि मेलेला. मध्य प्रदेश राज्य विरुद्ध श्यामसुंदर त्रिवेदी या 1995 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हे दुःख बोलून दाखविले आहे. त्यापूर्वीच 1985 साली विधी आयोगाने आपल्या 113 व्या अहवालात शिफारस केली होती की, कोठडीत इजा झाली तर ती पोलिसांनी केली असे न्यायालयास गृहीत धरता यावे. ती शिफारस कायद्यात आली नाही. 2023 च्या साक्ष अधिनियमातही आली नाही.

म्हणून उद्देश सिद्ध होतो तो जखमांच्या कागदावरून. काही वर्षांपूर्वी एक बाई माझ्याकडे आली. नवरा कोठडीत गेला होता आणि त्यास जाऊन चौदा दिवस झाले होते. पाठ व तळपाय काळेनिळे होते, हे तिने स्वतः आंघोळ घालताना पाहिले होते. छायाचित्र नव्हते, अहवालाची नक्कल नव्हती, आणि ‘तक्रार नाही’ अशा कागदावर दिराचा अंगठा होता. मी अर्ज केले. फळ आले नाही. त्या बाईच्या डोळ्यांत जे होते, ते कोणत्याही कलमात बसविता आले नाही.

तसे तुमच्या घरी होऊ नये. अटक झालेल्या माणसाची वैद्यकीय तपासणी झाली पाहिजे व तिची नक्कल त्यास किंवा त्याने नेमलेल्या व्यक्तीस मिळाली पाहिजे, ती मागा. चोवीस तासांत न्यायदंडाधिकाऱ्यापुढे उभे करण्याचा हक्क संविधानाच्या अनुच्छेद 22 मध्ये आहे. बाबासाहेबांनी 15 सप्टेंबर 1949 रोजी हे कलम संविधान सभेपुढे मांडले, तेव्हा त्याचा आकडा 15-अ होता. दंडाधिकाऱ्यापुढे नेतात तेव्हा मार बसला असेल तर तेथेच बोलावे, असे घरच्या मुलास आजच शिकवा. मृत्यू झालाच, तर दंडाधिकाऱ्यामार्फत चौकशी होणे कायद्याने आवश्यक आहे, आणि शक्य तेथे नातेवाइकांना कळवून हजर राहू देण्याचे बंधन त्याच्यावर आहे.

परभणीचे उदाहरण तुमच्यासमोर आहे. 10 डिसेंबर 2024 रोजी बाबासाहेबांच्या पुतळ्यासमोरील संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. दुसऱ्या दिवशी बंद आणि हिंसाचार झाला. त्यानंतरच्या अटकसत्रात कायद्याचा एक विद्यार्थी धरला गेला आणि 15 तारखेला तो कोठडीत मरण पावला. श्वासाच्या विकाराची गोष्ट सांगण्यात आली. परंतु शवविच्छेदनाच्या प्राथमिक अहवालात अनेक जखमांमुळे बसलेला धक्का, असे कारण होते. त्याची आई मागे हटली नाही. 4 जुलै 2025 रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने गुन्हा नोंदविण्याचा आदेश दिला, आणि त्याच महिन्याच्या 30 तारखेस सर्वोच्च न्यायालयाने त्यात हस्तक्षेप करण्यास नकार दिला. दोषी कोण आणि पायरी कोणती, हे खटल्यात ठरावयाचे. परंतु खटल्याचे दार उघडले ते त्या अहवालामुळे आणि त्या माउलीमुळे.

अशा वेळी पुढे केलेल्या कागदावर सही वा अंगठा देण्यापूर्वी तो वाचून घ्या. वाचता येत नसेल, तर शेजारच्या शिकलेल्या मुलीस बोलवा. जखमांची छायाचित्रे तारखेसह काढा. शवविच्छेदनाविषयी शंका असेल, तर दुसऱ्या शवविच्छेदनाचा अर्ज अग्नी देण्यापूर्वी करा.