जड मल्लाची कुस्ती



गेल्या वर्षीं पावसाळा सरतेवेळीं कांहीं कामानिमित्त जव्हार-मोखाड्याच्या डोंगरांतील वांगणी या गांवीं जाण्याचा मला योग आला. दिवस मावळावयास थोडा अवकाश होता. ओढ्याकांठच्या मऊ जमिनीवर गांवचीं पोरें कुस्ती खेळत होतीं, आणि त्यांत चौदा-पंधरा वर्षांचा एक थोराड अंगाचा मुलगा होता. त्याच्याशीं खेळावयास प्रत्येक जण उत्सुक दिसला. कारण तो हमखास पडे. समोरचा चिमुकला गडी त्याच्याभोंवतीं फेर धरी, हा त्याच्यामागें धांवे, दोन-तीन धांवांत याचा दम उखडे, आणि मग तो गडी वाकून पाय धरी कीं हा धाडकन् आडवा. वर सर्वांचा हंशा.

मीं तरुणपणीं तालीम केली आहे ही गोष्ट माझ्या यजमानांनीं त्याच्या कानावर घातली असावी. रात्रीं तो ओटीवर येऊन बसला आणि बऱ्याच वेळानें म्हणाला, "गुरुजी, मी जड आहें. मी कुस्ती सोडून देऊं का?"

मीं उत्तर दिलें, "सोडूं नको. मेहनत कर, अंग हलकें कर, चपळ हो." मुलगा मान हालवून निघून गेला. परतीच्या वाटेवर मात्र मला माझीच लाज वाटली. हें उत्तर चूक होतें. पंधराव्या वर्षीं मलाही नेमकें हेंच उत्तर मिळालें होतें, आणि त्यापायीं माझीं दोन वर्षें फुकट गेलीं होतीं. त्या मुलास जें सांगावयास हवें होतें तें आज आपणांपुढें मांडतों.

आपल्या समाजाचें मन मुळांतच चपळाच्या बाजूचें आहे. भागवतांत कंसाच्या रंगमंडपीं कृष्ण आणि चाणूर यांची कुस्ती लागते, तेव्हां जमलेल्या स्त्रिया ही विषम जोड पाहून हळहळतात आणि आपणही त्यांच्याबरोबर हळहळतों. दुसऱ्या बाजीरावाच्या काळीं अली व गुलाब या दोन धिप्पाड मल्लांचें आव्हान बाळंभटदादा देवधरांनीं स्वीकारलें व त्यासाठीं मल्लखांबाची विद्या सिद्ध केली, ही कथा तालमींतून आजही आवडीनें सांगितली जाते. चाणुराची बाजू कोणीं मांडल्याचें माझ्या वाचनांत नाहीं. प्रत्यक्ष देव समोर असतां ती मांडून उपयोगही नव्हता म्हणा! परंतु याचा परिणाम असा कीं, जड अंगाचा मुलगा तालमींत आला म्हणजे त्याला हलक्यांची विद्या शिकवितात, आणि ती त्याला साधली नाहीं म्हणजे त्याला मठ्ठ म्हणतात.

जड मल्लाची विद्या निराळी आहे. तिचा आरंभ जागेपासून होतो. कुस्तीच्या हौद्यांत त्यानें मध्य धरावा आणि तो सोडूं नये. मध्यावरचा मनुष्य जागच्या जागीं एक पाऊल वळतो, तेवढ्यांत कडेनें फिरणाऱ्यास तीन-चार पावलें टाकावीं लागतात. म्हणजे ज्याला पळतां येत नाहीं त्यानें पळण्याचें काम दुसऱ्यावर सोंपवावें. पाऊल उचलून टाकूं नये, मातींतून सरकवावें. एक पाय दुसऱ्याच्या आड येऊं देऊं नये. आमच्या वस्तादांनीं मला हें शिकविलें तें काठीनें माझ्या पायांभोंवतीं रिंगण आखून. दोन हलके पठ्ठे आळीपाळीनें माझ्यावर सोडले आणि सांगितलें, "रिंगण सोडलेंस कीं शंभर बैठका." पहिल्या आठवड्यांत बैठकाच फार झाल्या. पुढें पुढें ते पठ्ठे दमूं लागले.

दुसरी गोष्ट हाताची. उभ्यानें हातास हात भिडवून जी चांचपणी चालते तिला खडाखडी म्हणतात. प्रेक्षकांस ती कंटाळवाणी वाटते, पण जड मल्लाची निम्मी कुस्ती तेथेंच होते. त्यानें आपला हात समोरच्याच्या मानेवर ठेवावा, आणि केवळ ठेवूं नये तर टांगावा. कोपरापासून खांद्यापर्यंतचा सगळा भार त्या मानेवर सोडावा. ओढावयाचें नाहीं, ढकलावयाचें नाहीं. माणसाची मान हें एक चमत्कारिक यंत्र आहे. धक्का ती सोसते, पण संथ भार तिला फार वेळ सोसवत नाहीं. पांच-सात मिनिटांत मान खालीं येते, मागोमाग कंबर वांकते, आणि ज्या चपळ पायांचें कौतुक चाललें होतें ते जड पडूं लागतात. आपलें ओझें आतां तो वागवीत असतो.

अशा वेळीं हलका मल्ल एकच गोष्ट करतो. तो पट काढावयास, म्हणजे पाय धरावयास, आंत शिरतो. वांगणीचा मुलगा येथेंच पडत होता आणि मीही येथेंच पडत असें. समोरचा वांकून आंत येतांच दोन्ही पाय झटकन् मागें फेंकावे आणि छाती त्याच्या पाठीवर सोडावी. साऱ्या कुस्तींत जड मल्लास खरी घाई एवढीच. पण ही घाई पायांची कमी आणि नजरेची अधिक. हात खालीं जाण्यापूर्वीं खांदा खालीं जातो. तो खांदा ज्याला दिसला त्याला वेळ पुरतो. छाती पाठीवर पडली कीं शंभर किलोंचा देह आतां दुसऱ्याच्या कण्यावर आहे. त्याला उठावयाचें तर हा भार घेऊन उठलें पाहिजे. मग सावकाश बगलेंतून हात घालून मागें सरकावें, कब्जा घ्यावा, आणि घुटना म्हणा, सवारी म्हणा, जो डाव साधेल तो करावा.

यांतलें गणित असें आहे. हलका मल्ल तीन वेळां चुकला तरी तीन वेळां निसटून जाऊं शकतो. जड मल्ल एकदां चुकला कीं पडतो. परंतु हलक्यास जिंकण्यासाठीं पुष्कळ वेळां बरोबर यावें लागतें, आणि जडास एकदांच. म्हणून त्यानें वाट पाहावी. ही वाट पाहणें फार कठीण आहे. एका जत्रेंत माझी कुस्ती लांबली तेव्हां चहूंकडून "अरे, झोंपला काय!" अशी आरोळी उठली. मला तें सहन झालें नाहीं. मीं मध्य सोडला, दोन उड्या मारल्या, आणि तिसरी मारण्यापूर्वीं आभाळ पाहिलें.

माझा नातू पडद्यावर लढाईचे खेळ खेळतो. १९९१ सालीं जपानांत निघालेल्या 'स्ट्रीट फायटर टू' या खेळांत झँगीफ नांवाचा एक रशियन पैलवान आहे. चालीनें मंद, पण हातांत सांपडलेल्यास उचलून, गरगर फिरवून असा आपटतो कीं पाहणाऱ्यानें डोळे मिटावे. दूरून येणारे अग्नीचे गोळे अडवीत, चुकवीत एक एक पाऊल पुढें सरकणें आणि प्रतिस्पर्ध्यास कोपऱ्यांत कोंडणें हीच त्याच्याकडून खेळणाऱ्याची कला. नातू त्याला धांवडवितो आणि हरतो. यंत्रांतल्या पैलवानालाही रिंगण आखून द्यावें लागतें असें दिसतें.

आतां कोणी म्हणेल, मग जड मल्लानें नुसतें बसून राहावें काय? याचें उत्तर एका प्रसिद्ध कुस्तीनें देऊन ठेवलें आहे. १० सप्टेंबर १९१० रोजीं लंडन येथें आपला गामा आणि पोलंडचा स्टॅनिस्लॉस झ्बिस्को यांची गांठ पडली. झ्बिस्को गामाहून पुष्कळ जड. गामानें त्याला लवकरच खालीं आणलें, आणि खालीं आल्यावर झ्बिस्को तेथेंच राहिला. पालथा पडून, हातपाय आंवळून, तो गादीस चिकटला. अडीच तासांहून अधिक वेळ ही कुस्ती चालली. गामाला तो उलथवेना, आणि तोही उठेना. कुस्ती बरोबरीत सुटली. आठवड्यानें पुन्हां लढावयाचें ठरलें, पण त्या दिवशीं झ्बिस्को आलाच नाहीं आणि 'जॉन बुल' पट्टा गामास मिळाला. पुढें १९२८ सालीं पतियाळ्यास दोघे पुन्हां भिडले. दोघांचींही वयें पन्नाशीच्या आसपास होतीं. ती कुस्ती एक मिनिटही टिकली नाहीं. झ्बिस्को चीत झाला.

लंडनची ती कुस्ती मीं मनाशीं अनेकदां घोळविली आहे. झ्बिस्कोपाशीं भार होता, बळ होतें, सोशिकपणा तर विलक्षण होता. पण त्यानें तो सगळा भार जमिनीवर ठेवला, गामावर एक शेरही ठेवला नाहीं. अडीच तास गामास कसलें भय म्हणून वाटलें नाहीं. जड मल्ल मध्यावर उभा असतो तेव्हां त्याच्याजवळ जाण्याची समोरच्याला धास्ती वाटली पाहिजे. ती धास्ती गेली कीं उरतें तें केवळ मांस. अर्थात् गामासमोर उभें राहणें काय असतें हें झ्बिस्कोसच ठाऊक, आणि घरांत बसून बोलणें मला सोपें आहे हेंही कबूल करतों.

आजच्या गादीवरील नियमांनीं तर झ्बिस्कोची वाट बंदच केली आहे. तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या; जो स्वस्थ राहील त्याला ताकीद, आणि मग तीस सेकंदांत त्यानें गुण मिळविला नाहीं तर समोरच्यास एक गुण. मानेवर हात टांगून दहा मिनिटें थांबण्याची चैन मातींत होती, गादीवर नाहीं. पण त्याच नियमांनीं जडास एक देणगीही दिली आहे. नऊ मीटर व्यासाच्या वर्तुळाबाहेर समोरच्याचा पाय गेला कीं गुण मिळतो. मध्य धरून पुढें सरकणाऱ्यास हें वरदानच होय.

आपल्याकडे भारी वजनाची परंपरा लहान नाहीं. कोल्हापूरचें खासबाग मैदान १९१२ सालीं ज्यांनीं उभें केलें ते राजर्षि शाहू महाराज स्वतः धिप्पाड देहाचे व कुस्तीचे शोकी. १९६२ च्या जाकार्ता येथील आशियाई सामन्यांत गणपतराव आंदळकरांनीं सर्वांत भारी गटांत ग्रीको-रोमन पद्धतीचें सुवर्णपदक मिळविलें. या पद्धतीत कमरेखालीं हात घालावयाचा नसतो, म्हणजे पट काढण्याची सोयच नाहीं. आणि मुक्त पद्धतीत, जेथें पाय धरण्यास पूर्ण मोकळीक, तेथें त्यांनीं रौप्यपदक मिळविलें. त्याच सामन्यांत त्यांच्याखालच्या वजनगटांत मारुती मान्यांनीं बरोबर उलट केलें. मुक्त पद्धतीत सुवर्ण, ग्रीको-रोमन पद्धतीत रौप्य. जड माणसास पायांचें रक्षण करतां येत नाहीं असें म्हणणाऱ्यांनीं हीं चार पदकें डोळ्यांपुढें ठेवावीं. महाराष्ट्र केसरीच्या गटांत ८६ किलोंपासून १२५ किलोंपर्यंतचे मल्ल एकत्र लढतात. तेथें तर जड व हलका यांचा हा जुना वाद दर वर्षीं उभा राहतो, आणि निकाल नेहमीं एकाच बाजूस लागत नाहीं.

घरीं आल्यावर मीं यजमानांच्या नांवें त्या मुलासाठीं एक पत्र धाडलें. त्यांत रिंगण काढून दाखविलें, हात कसा टांगावा तें लिहिलें, आणि 'चपळ हो' हा माझा उपदेश परत घेतला. दिवाळीनंतर यजमानांचा निरोप आला. मुलगा आतां मधोमध उभा राहतो. पोरें फेर धरून दमतात. पाय मागें फेंकावयास मात्र त्याला अजून उशीर होतो, आणि निम्म्या वेळां तो पडतो. पूर्वींसारखा हंशा होत नाहीं, कारण उरलेल्या निम्म्या वेळां जो त्याच्याखालीं सांपडतो त्याला बाहेर पडावयास फार वेळ लागतो.