उसाचा रोग : बेण्यात आणि कोयत्यावर



मळवली, कामशेत, वडगाव हा सगळा पट्टा भाताचा. वडगाव मावळच्या संशोधन केंद्रानं 1987 साली इंद्रायणी वाण दिला आणि मावळचा तांदूळ पुण्या-मुंबईच्या घराघरांत गेला. पण इंद्रायणी आणि पवना नद्यांच्या काठी, जिथं बारा महिने पाणी आहे, तिथं ऊसही उभा आहे. कासारसाई-दारुंब्र्याच्या संत तुकाराम कारखान्याला तो जातो. भातावरचा कडा करपा तुम्ही चांगला ओळखता. तो जिवाणूंमुळं होतो आणि वाऱ्या-पावसात, वाहत्या पाण्याबरोबर पसरतो. उसाचे जिवाणूजन्य रोग मात्र बहुतेक वेळा आपणच रानात घेऊन येतो.

डोळ्यांना लगेच दिसणारा रोग आधी सांगतो. आपल्याकडं आषाढ-श्रावणात हवा सतत दमट असते. अशा वेळी कोवळ्या पानांवर शिरेला समांतर बारीक लाल पट्टे उठतात. तांबेऱ्याचे ठिपके हाताला खरखरीत लागतात आणि बोटाला पूड चिकटते, तसं इथं होत नाही. पट्ट्यांचा हा रोग शेंड्यात उतरला, तर शेंडा कुजतो, घाण वास येतो आणि सुरळी ओढली की सहज हातात येते. पाणी साचू देऊ नका, नत्राचा मारा थांबवा आणि शेंडा कुजलेले ऊस काढून टाका. पाऊस ओसरला की बाकीचा प्लॉट सावरतो.

गवताळ वाढही तुम्ही पाहिली असेल. बेटात गवतासारखे असंख्य बारीक फुटवे येतात, पानं पांढरट पडतात आणि गाळपाला जाईल असा ऊसच तयार होत नाही. फायटोप्लाझ्मा, म्हणजे पेशीभित्तिका नसलेला जिवाणू, हे त्याचं कारण. तो बेण्यातून येतो आणि तुडतुड्यांमार्फत पुढं जातो. असं बेट दिसलं की मुळासकट खणून काढा आणि नष्ट करा. नुसतं वरून कापलं, तर त्याच बुडख्यातून पुन्हा तेच फुटतं.

पण मला खरी काळजी वाटते ती न दिसणाऱ्या रोगाची. खोडव्याची वाढ खुंटवणारा रोग म्हणून तो ओळखला जातो. 1944-45 च्या हंगामात ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमध्ये तो पहिल्यांदा लक्षात आला. पुढं कितीतरी वर्षं त्याला विषाणूचा रोग समजत. त्याचा जिवाणू प्रयोगशाळेत वाढवता आला तो 1980 च्या सुमारास. पानावर ठिपका नाही, पट्टा नाही, वास नाही. कांड्या आखूड राहतात, ऊस बारीक होतो, एवढंच. हा जिवाणू उसातल्या पाणी वाहून नेणाऱ्या नलिकांमध्ये राहतो आणि त्या तुंबवतो. म्हणून पावसाळ्यात तो झाकला जातो आणि मार्च-एप्रिलमध्ये पाण्याची पाळी लांबली की ऊस एकदम मागं पडतो. आपण म्हणतो, खत कमी पडलं, जमीन थकली, वाण जुना झाला. आणि त्याच उसाचं बेणं पुढच्या लागणीला वापरतो! पक्व उसाच्या खालच्या कांड्या धारदार चाकूनं उभ्या चिरा. पेऱ्यापाशी नारिंगी-लाल ठिपके दिसले, तर संशय घ्या. खात्री मात्र प्रयोगशाळेतच होते.

उभ्या उसात हा रोग बरा करणारं औषध नाही. कितीही फवारा, ते नलिकांतल्या जिवाणूपर्यंत पोचत नाही. कार्बेन्डाझिममध्ये बेणं बुडवणं चांगलंच आहे, पण ते बुरशीसाठी. जिवाणूवर चालते ती उष्णता. उष्ण बाष्पयुक्त हवेत बेणं 54 अंश सेल्सिअसला अडीच तास ठेवतात किंवा 50 अंशांच्या पाण्यात दोन तास. तापमान थोडं वाढलं तर डोळे मरतात, थोडं घटलं तर जिवाणू जगतो. म्हणून चुलीवर पाणी तापवून हा प्रयोग घरी करू नका. त्यासाठी तापमान नेमकं राखणारं यंत्र लागतं.

सगळ्या क्षेत्राला पुरेल एवढं बेणं असं तापवणं परवडणार नाही, आणि त्याची गरजही नाही. मूलभूत बेण्यावर प्रक्रिया करायची, त्यातून पायाभूत बेणं, त्यातून प्रमाणित बेणं आणि ते शेतकऱ्याच्या रानात, अशी त्रिस्तरीय बेणेमळ्याची पद्धत आहे. पाडेगावचं ऊस संशोधन केंद्र आणि मांजरीची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट इथून मूलभूत बेणं मिळतं. मांजरीला ऊतिसंवर्धित रोपंही होतात. दर तीन-चार वर्षांनी बेणं बदला. बेणं दहा-अकरा महिन्यांच्या लागणीच्या उसाचं घ्या. खोडव्याचं बेणं कुणी फुकट दिलं तरी नको.

एवढं करून आणलेलं शुद्ध बेणं पहिल्याच दिवशी बिघडू शकतं, ते कोयत्यामुळं. रोगट उसाचा रस पात्याला लागतो आणि तेच पातं पुढच्या उसात जिवाणू सोडत जातं. एकाच सुईनं सगळ्या गावाला टोचावं, तसं हे आहे. तोडणीची टोळी एका रानातून दुसऱ्या रानात जाते, तिचा यात काही दोष नाही. कोयता धुण्याची सोय आपण करून द्यायची. बादलीत पाच टक्के लायसॉलचं द्रावण ठेवा. माणशी दोन कोयते असू द्या, एक हातात, एक बादलीत. बादलीत टाकण्यापूर्वी चिखल आणि रस पाण्यानं धुवा, नाहीतर औषध पात्यापर्यंत पोचणार नाही. यंत्रानं तोडणी असेल तर यंत्राची पातीही धुवून घ्या. आणि बेणं तोडताना तर घरचीच माणसं असतात, तिथं सबब नको.

नवी लागण करायच्या रानात जुन्या उसाचे बुडखे फुटलेले असतील, तर ते आधी काढा. रोग त्यांच्यात टिकून राहतो. पूर्वहंगामी लागण 15 ऑक्टोबरला सुरू होते. बेण्याची मागणी कारखान्याच्या शेतकी विभागाकडं आत्ताच नोंदवा, आणि बेणं कोणत्या मळ्यातलं, त्यावर उष्ण प्रक्रिया कधी झाली, हे विचारून घ्या.