बसंतरची धूळ

(शाळेच्या हीरक महोत्सवी वर्षातील व्याख्यानाची संहिता)



दिवाळीच्या सुट्टीत अंगणात किल्ला करण्याची मराठी मुलांची रीत बडोद्यात आणि इंदुरातही टिकून आहे. दगडविटांचा ढीग, त्यावर भिजवलेले पोते, पोत्यावर चिखल आणि चिखलात पेरलेली मोहरी किंवा अळीव. चार दिवसांनी हिरवे अंकुर वर येतात आणि त्या ढिगाचा डोंगर होतो. महाराजांची मूर्ती महाद्वाराहून उंच असते, पण ती चूक डोळा सहज क्षमा करतो. अळीव न उगवलेला किल्ला मात्र कोणालाच पटत नाही. वस्तूवरून ऊनपाऊस गेल्याची खूण दिसल्यावाचून ती खरी वाटत नाही, हे मूल न शिकवता जाणते.

प्लॅस्टिकच्या सुट्या भागांतून रणगाड्याची प्रतिकृती जोडणाऱ्याचे खरे काम याच जाणिवेपासून सुरू होते. जोडणी हा त्यातला सोपा भाग. रंग चढवल्यावर त्या कोऱ्या रंगावर धूळ, चिखल, ओरखडे आणि काजळी आणण्याच्या कलेला वेदरिंग म्हणतात. बेल्जियमच्या फ्रांस्वा व्हर्लिंडेन यांनी ती एका पिढीला शिकवली, स्पेनच्या मिग हिमेनेथ यांनी पुढच्या पिढीला. या छंदातले रूढ प्रमाण एकास पस्तीस आहे आणि त्याची कुळकथा गमतीची आहे. जपानच्या तामिया कंपनीने १९६०च्या दशकाच्या आरंभी मोटरवर चालणारा पँथर रणगाडा काढला. आत बॅटऱ्या मावाव्यात एवढा आकार ठरवला, तो मोजता पस्तिसाव्या हिश्श्याच्या आसपास भरला, आणि पुढे जगाने तेच माप स्वीकारले.

या मापात ब्रिटिश बनावटीचा सेंच्युरियन रणगाडा तळहातावर विसावतो. मूळचे वजन सुमारे ५० टन, रुंदी सुमारे ३.४ मीटर, प्रतिकृतीची रुंदी दहा सेंटीमीटरही भरत नाही. भारतीय माणसाने हा रणगाडा रंगवायला घेतला की एक नाव अटळपणे समोर येते: फामागुस्ता. पूना हॉर्स या रेजिमेंटचा हा सेंच्युरियन. १८१७ मध्ये, पेशवाईच्या अखेरच्या पर्वात, पुण्याच्या तहातून जन्मलेल्या या घोडदळाचे पुढे रणगाडादळ झाले. त्याच्या वाट्याला दोन परमवीर चक्रे आली. पहिले १९६५ च्या युद्धात लेफ्टनंट कर्नल अर्देशीर तारापोर यांना; त्यांचे शिक्षण पुण्यात झाले होते. दुसरे सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल यांना. १६ डिसेंबर १९७१ रोजी शकरगड भागातील बसंतर नदीच्या लढाईत खेत्रपाल फामागुस्तामध्ये होते. रणगाड्याला आग लागल्यावर तो सोडण्याचा आदेश आला, तरी ते लढत राहिले आणि तेथेच कामी आले. वय २१ वर्षे. तो रणगाडा पुढे भारताकडे परतला आणि अहमदनगरला, आजच्या अहिल्यानगरला, चिलखती दलाच्या केंद्रात जतन करण्यात आला.

असा रणगाडा रंगवायला घेणाऱ्यावर एक जबाबदारी येऊन पडते, आणि बहुतेकांचा हात तेथेच बिघडतो. शौर्य दाखवायचे म्हणून ते गाडीला गंजाने माखतात. पानशेतच्या पुरातून काढलेल्या ट्रंकेसारखी ती दिसू लागते. तारखांकडे पाहिले की चूक उमगते. पश्चिम आघाडीवरचे युद्ध ३ डिसेंबरला सुरू झाले आणि १७ ला थांबले. पंधरवड्यात चिलखती पोलाद नारिंगी गंजाने सडत नाही. रंगाचा पापुद्रा उडाला तर खाली काळपट, करडे पोलाद दिसते. गंज शोभतो तो एक्झॉस्टच्या डब्यांवर. सेंच्युरियनच्या मागच्या अंगाला दोन्ही पट्ट्यांवरच्या पत्र्यांवर हे डबे बसवलेले असतात. तेथला रंग उष्णतेने आधीच जळून जातो. खाली रोल्स-रॉइसचे मीटिऑर इंजिन, विमानांच्या प्रसिद्ध मर्लिन इंजिनाचे भावंड, पेट्रोल पिणारे. सांडलेले पेट्रोल धूळ धुऊन नेते आणि उडून जाते. डिझेलसारखा तेलकट डाग ते मागे ठेवत नाही. तेव्हा टाकीच्या तोंडाशी दाट काळा ओघळ काढण्यापूर्वी ब्रश थांबला पाहिजे. प्रत्येक डागाला कारण हवे, आणि ते कारण त्या यंत्राच्या आयुष्यात घडलेले हवे.

कृतीचा क्रमही असाच कारणांनी बांधलेला आहे. प्रायमरनंतर ॲक्रिलिकचा हिरवा थर एअरब्रशने देतात, मूळ छटेहून किंचित फिका. लहान वस्तूवर गडद रंग अधिकच गडद भासतो. त्यावर चकचकीत वार्निश, म्हणजे पुढचा पातळ रंग पृष्ठभागावर न पसरता खाचांतून धावेल. तो पातळ रंग, ज्याला वॉश म्हणतात, तपकिरी तैलरंगाचा असतो आणि व्हाइट स्पिरिटमध्ये केलेला असतो. व्हाइट स्पिरिट पूर्ण वाळलेल्या ॲक्रिलिकला विरघळवत नाही. येथे उतावीळपणाने लॅकर थिनर वापरला तर आठवड्याची मेहनत कापसाच्या बोळ्यावर येते. तैलरंग आधी जाड पुठ्ठ्यावर तासभर ठेवतात. पुठ्ठा जवसाचे तेल शोषून घेतो आणि रंग मंद, धुळकट उतरतो. मग स्पंजच्या तुकड्याने टिपलेले ओरखडे, वरून खाली ओढलेले पुसट ओघळ, आणि शेवटी मॅट वार्निशने सारा तजेला उतरवणे. दोन टप्प्यांमध्ये एक-दोन दिवस काहीही न करणे हाही क्रमाचाच भाग. मुलांना तोच सर्वांत जड जातो, आणि पालकांना त्याहून जड.

मग माती. येथे प्रमाणाचे गणित निष्ठुर होते. प्रतिकृतीवरचा एक मिलिमीटरचा थेंब म्हणजे प्रत्यक्षात साडेतीन सेंटीमीटरचा. वाळूचा अर्ध्या मिलिमीटरचा कण चाकावर चिकटला तर पावणेदोन सेंटीमीटरचा खडा होऊन बसतो. म्हणून अंगणातली माती वापरायची तर ती वाळवून, कुटून, मलमलीतून चाळून घ्यावी लागते. शिवाय अंगण कोणत्या प्रांतातले हेही पाहावे लागते. दख्खनची काळी कापसाची माती फामागुस्तावर चढवली तर बसंतर विदर्भात येते. पंजाबची गाळाची माती फिकट, करड्या-तपकिरी वर्णाची. वाळली की आणखी फिकी होते. १९६५ मध्ये खेमकरणजवळ पाणी सोडलेल्या शेतांत पॅटन रणगाडे रुतले होते. त्यांच्या प्रतिकृतीला ओला चिखल शोभतो. डिसेंबरातल्या सेंच्युरियनला पात्र ओलांडताना पट्ट्यांत अडकलेला थोडा ओलावा आणि बाकी सर्वत्र कोरडी, हलकी धूळ.

एवढे झाल्यावर खरा निर्णय उरतो: हा रणगाडा कोणत्या घटकेचा? जळलेला फामागुस्ता रंगवणे तंत्राने अवघड नाही. काळा, पांढरी राख, थोडा तांबूस गंज, पाहणारा थबकतो. पण त्या रंगात दिसते ती आग, आणि आग कोणत्याही रणगाड्याला तशीच जाळते. दुसरी वाट अहमदनगरच्या रणगाड्याची नक्कल करण्याची. जतन केलेल्या रणगाड्यांना वेळोवेळी नवा रंग लागतो; ती नक्कल म्हणजे संग्रहालयाच्या देखभालीचे चित्र. तिसरी घटका आहे १६ तारखेच्या सकाळची. रणगाडा अजून धड आहे, मळलेला आहे, आणि आत चार माणसे आहेत.

ती माणसे दाखवण्यासाठी पुतळे लागत नाहीत. सैनिक रोज जेथून चढतो तेथला रंग बुटांनी झिजतो: पुढच्या उतरत्या चिलखताचा एक कोपरा, पट्ट्यावरच्या पत्र्याची कड, टरेटवर हात टेकण्याची जागा. तेथे धूळ साचत नाही. इतर ठिकाणी धूळ चढवायची आणि तेवढ्या जागा पुसून मोकळ्या ठेवायच्या. मग पेन्सिलीच्या शिसाची भुकटी बोटाच्या टोकावर घेऊन झाकणांच्या कडांवर हलकेच चोळायची. हिरव्याखालून पोलादाची बारीक चमक वर येते. पुढचे झाकण चालकाचे. उरलेले तिघे टरेटवरच्या झाकणांतून आत उतरले होते.