निरभ्र आकाश आणि हिमलोट



सह्याद्रीत हिंडणाऱ्यांना डोंगरावरील संकट म्हटले की पावसाळा आठवतो. आकाश निवळले की आपण निर्धास्त होतो. पुष्कळ मराठी तरुण हल्ली हिवाळ्यात हिमालयाची वाट धरतात. त्यांनी ही समजूत बरोबर नेली, तर ती घात करील. तो कसा, हे आज सांगावयाचे आहे.

काश्मीर, हिमाचल व उत्तराखंड या प्रदेशांत हिवाळी बर्फ पडते ते मुख्यतः भूमध्य समुद्राकडून येणाऱ्या झंझावातांमुळे. एक झंझावात ओसरतो, आकाश उघडते आणि काही दिवसांनी दुसरा येतो. त्यामुळे उतारावरील बर्फ एकसंध नसते. थरांवर थर रचलेले असतात. मधल्या कडाक्याच्या, निरभ्र रात्रींत खालच्या पातळ थरातील कण आपले रूप पालटतात व भरड साखरेसारखे सुटे होतात. त्यावर नवे, जड बर्फ बसले म्हणजे वाळूवर तिरपी फरशी ठेवावी तशी अवस्था होते. वारा वाहत असेल, तर आडोशाच्या अंगास बर्फ लोटून तो हे ओझे आणखी वाढवितो.

हिमलोट बहुधा ३० ते ४५ अंशांच्या उतारावर सुटतात. याहून सौम्य उतारावर बर्फ सहसा घसरत नाही व फार उभ्या कड्यावर ते साचून राहत नाही. दुर्दैवाने, बर्फावरील खेळांसाठी मनुष्यास हेच उतार आवडतात. अशा खेळांत व भ्रमंतीत बळी पडलेल्या बहुतेकांच्या बाबतीत लोट सुटलेला असतो तो त्यांच्या स्वतःच्या अथवा सोबत्याच्या भाराने. पायाखाली ‘धप्प’ असा आवाज होणे, बर्फावर तडे धावत जाणे, शेजारच्या उतारावर ताजा लोट दिसणे, या खुणा दिसताच मागे फिरावे.

निष्णातांनाही हे संकट सोडीत नाही. ८ फेब्रुवारी २०१० रोजी गुलमर्गजवळ खिलनमर्ग येथे, पर्वतयुद्धाचे शिक्षण घेणारे १७ सैनिक हिमलोटाखाली मृत्युमुखी पडले. ४ ऑक्टोबर २०२२ रोजी उत्तराखंडातील द्रौपदी का डांडा शिखरावर उत्तरकाशीच्या गिर्यारोहण संस्थेची तुकडी हिमलोटात सापडली; तिच्यातील २७ जणांचे मृतदेह पुढे हाती लागले.

गाडल्या गेलेल्यांपैकी पहिल्या दहा मिनिटांत बाहेर काढलेले दहांत नऊ जण वाचतात; अर्ध्या तासाने जेमतेम एकतृतीयांश. सियाचिनमध्ये २०१६ साली एक जवान सहा दिवसांनी जिवंत सापडला. पण तोही पुढे वाचला नाही, आणि असा अपवाद भरवशास घेण्याजोगा नव्हे. दूरचे मदतपथक वेळेवर पोहोचत नाही. म्हणून प्रत्येकाच्या अंगावर ठावठिकाणा कळविणारे बिनतारी यंत्र व पिशवीत लांब सळई आणि फावडे असावे, आणि त्यांचा सराव आधीच झालेला असावा. धोक्याचा उतार एकेकट्याने ओलांडावा. इतरांनी सुरक्षित जागेवरून लक्ष ठेवावे.

चंडीगढ येथील संरक्षण खात्याची संशोधनसंस्था हिवाळ्यात हिमस्खलनाचे अंदाज देते. ते पाहूनच बेत ठरवावा. मोठ्या हिमवृष्टीनंतर निदान एक-दोन दिवस उभ्या उतारांपासून दूर राहावे. दुबळा थर खाली असेल, तर तेवढेही पुरत नाहीत. रजा संपत आलेली असते, परतीचे तिकीट काढलेले असते आणि बाहेर लख्ख ऊन पडलेले असते. नेमक्या अशाच सकाळी मोह अनावर होतो. म्हणून घरून निघतानाच बेतात दोन दिवस मोकळे ठेवावेत. डोंगरावर धीर धरावयास तेच उपयोगी पडतात.