करमणुकीची रात्र आणि दानाचा पैसा

मुंबईहून पुण्याकडे निघालेली गाडी लोणावळा आणि मळवली मागें टाकते आणि कामशेतला येते. नाणे मावळ आणि पवन मावळ या दोन्ही खोऱ्यांतील गांवकऱ्यांची ही जुनी बाजारपेठ. बेडसें आणि कार्लें येथील लेणीं येथून फार दूर नाहींत. कार्ल्याचें चैत्यगृह पाहून मनुष्य थक्क होतो, परंतु तेथील खांबांवर कोरलेल्या लहानशा ओळींकडे सहसा कोणाचें लक्ष जात नाहीं. एवढें मोठें काम कोणा एकट्या राजाच्या खजिन्यांतून झालेलें नाहीं. कोणीं एक खांब दिला, कोणीं दरवाजा करून दिला. देणाऱ्यांत व्यापारी होते, भिक्षु होते, सुतार होता आणि यवन म्हणविणारे लोकही होते. बेडशाच्या लेण्यांत नाशिकच्या एका श्रेष्ठीचा मुलगा पुष्यणक याचें दान नमूद आहे. अनेकांच्या लहानमोठ्या देणग्यांतून एक काम तडीस न्यावयाचें, ही रीत मावळाला सुमारें दोन हजार वर्षें ठाऊक आहे.

आजकाल अशी देणगी मिळविण्याची एक लोकप्रिय तऱ्हा म्हणजे क्लबची किंवा मंडळाची मदतीची रात्र. गाणें असतें, नाटक असतें, जेवण असतें. तिकिटें विकलीं जातात आणि उत्पन्न एखाद्या सत्कार्याला द्यावयाचें ठरतें. कल्पना उत्तम आहे. परंतु ही रात्र ज्यांच्यासाठीं योजिली त्यांच्या हातीं सकाळीं काय पडतें, हा प्रश्न फार थोड्या ठिकाणीं विचारला जातो.

महाराष्ट्रांत अशा रात्रीचें सर्वांत गाजलेलें उदाहरण १९२१ सालचें आहे. लोकमान्य टिळक १ ऑगस्ट १९२० रोजीं निवर्तले. त्यांच्या स्मरणार्थ काँग्रेसनें टिळक स्वराज्य फंड काढला व १ कोटि रुपये जमविण्याचा संकल्प सोडला. या फंडाच्या साहाय्यार्थ ८ जुलै १९२१ रोजीं मुंबईच्या बालीवाला थिएटरांत कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांच्या ‘मानापमान’ नाटकाचा संयुक्त प्रयोग झाला. गंधर्व नाटक मंडळी आणि ललितकलादर्श या त्या काळच्या दोन तुल्यबळ आणि परस्परांशीं स्पर्धा करणाऱ्या संस्था. एरवीं रसिकांना बालगंधर्व एका रंगभूमीवर पाहावयाचे आणि केशवराव भोसले दुसऱ्या; त्या रात्रीं भामिनी आणि धैर्यधर म्हणून ते एकमेकांसमोर उभे राहिले. उत्पन्न १६ हजार रुपयांच्या वर गेलें. त्या काळीं ही रक्कम डोळे विस्फारण्याजोगी होती. पुढें तीनच महिन्यांनीं, ४ ऑक्टोबर १९२१ रोजीं, केशवराव गेले.

या प्रयोगाच्या यशांत दोन गोष्टी होत्या. पहिली, प्रेक्षकांना जें मिळालें तें अन्यत्र कोठेंही मिळण्याजोगें नव्हतें. तिकीट विकत घेणाऱ्याला कोणीं भिडेस घातलें नव्हतें. दुसरी, आपला मोठेपणा क्षणभर बाजूला ठेवण्याची तयारी दोन्ही बाजूंनीं दाखविली. दानाच्या रात्रीं पहिलें दान कलावंतांना आणि यजमानांनाच करावें लागतें, आणि तें अभिमानाचें असतें.

याच्या अगदीं उलट तऱ्हेचें उदाहरण कामशेतच्या जवळच, तळेगांव दाभाडे येथें सांपडतें. अंताजी दामोदर काळे यांनीं दर माणशीं दर वर्षीं अवघा एक पैसा मागून पैसा फंड उभा केला. टिळकांचा त्याला पाठिंबा होता. त्या पैशापैशांतून १९०८ सालीं तळेगांवला काचेचा कारखाना निघाला. परदेशीं काचेचें शास्त्र शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय हे त्याच्या उभारणींत होते, आणि येथें तयार झालेले कारागीर पुढें देशांत इतरत्र गेले. या फंडाला ना दिव्यांची रोषणाई होती, ना गायन. परंतु पैसा कशाकरितां मागितला जात आहे, हें देणाऱ्याला समजत होतें. आणि ज्याला शंका असेल त्याला तो कारखाना जाऊन पाहतां येत होता.

आतां असें समजा कीं, कामशेतच्या एखाद्या मंडळानें लांबच्या वाड्यांतून पायीं शाळेंत येणाऱ्या मुलींना सायकली देण्यासाठीं संगीताची एक रात्र योजिली. ३०० तिकिटें प्रत्येकीं २०० रुपयांना खपलीं, तर जमा झाली ६० हजारांची. मंडप, ध्वनिक्षेपक, दिवे, पाहुण्यांचें जेवण, शाली, श्रीफळें आणि पुष्पगुच्छ यांवर ४८ हजार गेले, तर उरले १२ हजार. एक सायकल ६ हजारांची धरली, तर तीनशे लोकांच्या औदार्यांतून दोन मुलींच्या दारांत सायकल आली. उलट, कोणीं सभागृह विनामूल्य दिलें, गांवच्याच गायकांनीं मानधन नाकारलें, सत्कार गाळले आणि चहावर भागविलें, आणि खर्च ९ हजारांत आटोपला, तर उरतात ५१ हजार; म्हणजे आठ सायकली. रात्र तीच, श्रोते तेच. फरक सहा मुलींचा.

हा विचार कायद्यालाही सुचलेला होता. मुंबई इलाख्याच्या १९२३ च्या करमणूक कर कायद्यांत, ज्या खेळाचें सर्व उत्पन्न खर्च न कापतां धर्मादाय कार्यास दिलें जाईल, त्याला करमाफीची सोय ठेविली होती. खर्च कोणीं सोसावा, तर यजमानांनीं, हा त्यांतील मथितार्थ. २०१७ सालीं वस्तु व सेवा कर आला आणि ती जुनी व्यवस्था मागें पडली. पण तिच्यामागचें माप अजून खरें आहे. शिवाय महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याप्रमाणें, नोंदणी नसलेल्या मंडळाला धर्मादाय कार्यासाठीं वर्गणी गोळा करावयाची झाल्यास धर्मादाय आयुक्तांच्या कचेरीकडे आधीं जावें लागतें. पुष्कळांना हा जाच वाटतो. वस्तुतः ती प्रामाणिक मंडळाची ढाल आहे.

एक गोष्ट मात्र कोणत्याच कायद्यांत लिहितां येत नाहीं. ज्या मुलींना सायकली द्यावयाच्या, त्यांना व्यासपीठावर रांगेनें उभें करण्याचा मोह अशा रात्रीं फार होतो. छायाचित्र चांगलें येतें, टाळ्या पडतात. परंतु चौदा वर्षांची मुलगी त्या टाळ्या विसरत नाहीं. दुसऱ्या दिवशीं वर्गांत तिच्याकडे सायकलची मालकीण म्हणून नव्हे, तर मदत घेतलेली म्हणून पाहिलें जातें, आणि मिळालेलें वाहन तिला जड होऊन बसतें. देणाऱ्यांचीं नांवें खुशाल वाचावींत. घेणाऱ्यांचीं वाचूं नयेत. कार्ल्याच्या खांबांवरही नांवें आहेत तीं दात्यांचीं. ज्या भिक्षूंनीं तेथें आसरा घेतला त्यांची यादी कोणीं कोरून ठेवलेली नाहीं.

म्हणून मदतीची रात्र योजणाऱ्यांनीं तीन कामें आधींच नक्की करावीं. उद्देश आंकड्यांत सांगावा: किती सायकली, कोणत्या महिन्यापर्यंत. खर्च भागविणारे चार आश्रयदाते तिकीट-विक्रीपूर्वीं शोधावे, म्हणजे श्रोत्यांचा प्रत्येक रुपया कार्याला जाईल. आणि महिन्याच्या आंत जमाखर्चाचा कागद बाजारपेठेंतील फलकावर लावावा, मग त्यांतील शिल्लक कितीही लहान असो. या रात्रीची खरी परीक्षा गर्दीवर होत नाहीं. पुढील वर्षीं तेंच मंडळ पुन्हां तिकिटें घेऊन दारांत आलें असतां घरधनीण हंसून ‘या, बसा’ म्हणते, कीं कामांत असल्याचें सांगून दार लोटते, यावर ती होत असते.